शोक, सखी आणि कादंबरी

मराठींत ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतात, त्याला गुजराथींत नवलकथा म्हणतात आणि बंगालींत व हिंदींत उपन्यास म्हणतात. कानडीनें मात्र मराठीप्रमाणेंच कादंबरी हाच शब्द जवळ केला आहे. एका संस्कृत ग्रंथाचें, किंबहुना त्या ग्रंथांतील एका तरुणीचें नांव साऱ्या वाङ्मयप्रकाराला पडावें, ही गोष्ट मोठ्या नवलाची खरी. पण रोजच्या वापरानें तो शब्द इतका गुळगुळीत झाला आहे कीं, ती तरुणी कोण आणि तिच्यावर प्रसंग कोणता आला, याची आठवण फारशी कोणाला होत नाहीं. ती आठवण एकदां करून घेण्यासारखी आहे.

सातव्या शतकांत, हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें ती कथा रचली. अच्छोद सरोवराच्या कांठीं, शंकराच्या देवळांत एक शुभ्रवसना तापसी वीणेवर गात बसली आहे. किन्नरांच्या एका जोडप्याचा पाठलाग करतां करतां वाट चुकलेला राजपुत्र चंद्रापीड तेथें येतो आणि तिची कहाणी विचारतो. ती महाश्वेता. पुंडरीक नांवाच्या ऋषिकुमारावर तिचें मन जडलें, आणि ती त्याच्याजवळ पोंचते न पोंचते तोंच त्याचा प्राण गेला. सहगमनास सिद्ध झालेल्या तिला एका दिव्य पुरुषानें पुनर्भेटीचें आश्वासन दिलें. तेवढ्या आश्वासनावर ती दिवस कंठीत आहे. येथवर ही कथा एका शोकाची. पण बाणाची खरी करामत पुढेंच आहे. महाश्वेतेची एक बालमैत्रीण आहे. आपली सखी अशा दुःखांत असतां आपण विवाह करावयाचा नाहीं, असा तिनें पण केला आहे, आणि आईबाप समजूत घालून थकले आहेत. अखेर महाश्वेता स्वतःच तिचें मन वळविण्यास निघते, आणि जातांना या पाहुण्या राजपुत्रालाही बरोबर घेते. ती मैत्रीण म्हणजे कादंबरी. आणि ज्याला पाहून तिचा पण डळमळला, तो हाच राजपुत्र. सखीच्या शोकासाठीं ज्या प्रेमाला तिनें दार लावून घेतलें होतें, तें प्रेम त्या सखीच्याच पाठोपाठ घरांत आलें.

बाणाच्या हातून ग्रंथ पुरा झाला नाहीं. तो त्याच्या पुत्रानें पुरा केला. आणि उत्तरभागाच्या आरंभीं त्यानें सांगून ठेविलें आहे कीं, वडिलांबरोबर कथाही खुंटली, त्यानें रसिकांना झालेलें दुःख पाहवेना, म्हणून लेखणी धरली. कवित्वाचा गर्व म्हणून नव्हे. पुंडरीक आणि महाश्वेता, चंद्रापीड आणि कादंबरी यांच्या ज्या पुनर्भेटी वाचून पिढ्यान् पिढ्या वाचक सुखावले, त्या सर्व या पोरक्या झालेल्या मुलानें लिहिल्या आहेत.

मैत्री, शोक, आणि ध्यानींमनीं नसतां आलेलें प्रेम. हल्लीं निघणाऱ्या प्रेमकथांच्या वेष्टनांवर हे तीन शब्द नव्या युगाची देणगी म्हणून मिरवतात. एक तरुणी, तिचा गेलेला प्रियकर किंवा पति, तिच्या पाठीशीं उभी असलेली मैत्रीण, आणि मग कोठून तरी आलेला दुसरा पुरुष, हा सांचा देशोदेशींच्या पुस्तकांत आढळतो आणि तो खपतोही बरा. अशीं पुस्तकें हातीं आलीं म्हणजे सुशिक्षित घरांतील वडील माणसें नाक मुरडतात. तें नाक मुरडणें सर्वस्वी अन्यायाचें आहे, असें म्हणवत नाहीं. कारण बहुतेक लेखक तिहींपैकीं मधली गोष्ट, म्हणजे शोक, पन्नास पानांत उरकतात आणि पहिल्या गोष्टीला, म्हणजे मैत्रीला, निरोप पोंचविणाऱ्या दासीचें काम देतात. परंतु या सांच्यांत मुळांत कांहीं तथ्य नाहीं, असें मात्र नव्हे. प्रेमकथा कोणालाही लिहितां येते आणि विलापही कोणालाही लिहितां येतो. शोकानंतर आलेलें प्रेम हें अपराध आहे कीं नाहीं, याचा निर्णय कोणी द्यावयाचा, हा या कथेचा खरा पेंच आहे. मृत माणूस बोलूं शकत नाहीं; जिवंत माणसाचा स्वतःवर विश्वास उरलेला नसतो. मग साक्ष कोणाची? या प्रश्नाचें उत्तर म्हणून कादंबरींत सखी येते.

मराठी कादंबरीनें हा प्रश्न फार लवकर हातीं घेतला. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं झाला आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. तींतील यमुनेला वैधव्य येतें आणि पुढें तिचा दुसरा विवाहही होतो. परंतु त्यासाठीं तिला ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागतो. संसार मिळाला, तो ज्या लोकांत ती वाढली त्यांना पारखें होऊन मिळाला. हरि नारायण आपटे यांनीं १८९० पासून 'करमणुकी'तून 'पण लक्षांत कोण घेतो!' छापावयास आरंभ केला, तेव्हां कायदा होऊन चौतीस वर्षें लोटलीं होतीं. पण कायद्याला माजघरांत प्रवेश नव्हता. आपट्यांची यमू आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. मुंबईस रघुनाथरावांच्या संगतींत काढलेलीं सुखाचीं थोडीं वर्षें, त्यांचा मृत्यु, आणि मग त्या जुन्या घरांत तिच्या इच्छेविरुद्ध झालेलें तिचें केशवपन, हा क्रम वाचतांना आजही पुस्तक क्षणभर खालीं ठेवावें लागतें. यमूलाही मैत्रीण आहे. दुर्गी तिचें नांव. पण दुर्गी स्वतःच नवऱ्याच्या जांचानें गांजलेली. शेजारशेजारच्या दोन कोठड्यांतल्या बंदिवानांनीं भिंतीवर टकटक करावी, तशी ती मैत्री आहे. एकमेकींचें दुःख त्यांना कळतें. पण एकीला दुसरीच्या दाराची कडी काढतां येत नाहीं. तेथें दुसऱ्या प्रेमाचा विचार मनांत येण्यालाही जागा नव्हती, आणि आपट्यांनीं ती खोटी निर्माण केली नाहीं, यांत त्यांचा मोठेपणा आहे.

त्याच काळांत, त्याच मराठी मुलखाच्या एका टोंकाला, हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटत होता. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणें आहे. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तें एक लहानसें संस्थान होतें. १९०१ च्या शिरगणतींत साऱ्या संस्थानाची वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास भरली होती. सह्याद्रीचे उतार, सागाचें रान, नागली, वरई व भात यांची शेतें, आणि नार व पार या पश्चिमेकडे धांवणाऱ्या नद्या, असा तो मुलूख. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली आणि महादेव कोळी या लोकांची. कोंकणांतून वर आलों, म्हणून कोकणा, असें कोकणा लोक आपल्या नांवाचें कारण देतात. धान्याची देवता कणसरी आणि डोंगराचा देव डोंगऱ्यादेव हीं त्यांचीं दैवतें.

या लोकांत विधवेनें पुन्हां संसार थाटणें हें पातक नव्हे आणि सुधारणाही नव्हे. ती एक चालत आलेली रीत आहे. मराठींत तिला पाट म्हणतात. कांहीं जातींत मोहतूर असाही शब्द आहे. हे शब्द कोणा सुधारकानें घडविलेले नाहींत. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ सालीं मराठीचा कोश छापला, तेव्हां ते लोकांच्या तोंडीं होतेच. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांत ज्या गोष्टीसाठीं शास्त्रार्थ झाले, बहिष्कार पडले आणि कायदे करावे लागले, ती गोष्ट डोंगरांतल्या कुडाच्या घरांत चार जाणतीं माणसें बसून ठरवीत. आजही तेथील लोकांचे विवाहसंबंध परंपरेच्या रूढीनें चालतात. १९५५ चा हिंदु विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारनें तसें मुद्दाम जाहीर केल्याशिवाय, लागू होत नाहीं.

शहरांतल्या श्रोत्यांनीं यावरून डोंगरांतलें जीवन म्हणजे प्रेमाचें नंदनवन, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. पाटांतही हिशेब असतो. देज कोणी कोणास परत करावयाचें, पहिल्या नवऱ्याचीं मुलें कोणाकडे राहावयाचीं, जमिनीचा तुकडा कोणाचा, यांचा खल होतो. आणि त्या खलांत बाईच्या मनाला काय वाटतें हें दरवेळीं विचारलें जाईलच, असें नाहीं. पहिल्या लग्नाचा थाटही पाटाला नसतो. परंतु एक गोष्ट त्यांत निश्चित आहे. जिला पुन्हां जगावयाचें आहे, तिला आपण मेलेल्या माणसाशीं बेइमान होत आहों कीं काय, हा प्रश्न एकटीनें, रात्रीं उशाशीं दिवा ठेवून, सोडवावा लागत नाहीं. उत्तर देण्याची जबाबदारी गांवानें घेतलेली असते. शोकही चारचौघांत, आणि शोकाची समाप्तिही चारचौघांत.

तेथील कथासुद्धां चारचौघांत सांगितली जाते. काशाच्या थाळीच्या मध्यभागीं मेणानें एक काडी उभी चिकटवितात. सांगणारा त्या काडीवरून बोटें ओढीत जातो, तेव्हां थाळींतून एक गंभीर, लांबणारा नाद उमटतो. त्या नादावर रात्र रात्र कथा चालते. कणसरीची कथा, देवांच्या कथा. रामायणसुद्धां त्यांनीं आपल्या बोलींत, आपल्या रीतीनें मांडून घेतलें आहे. सीतेचा शोक कानावर येतो, तेव्हां शेजारीं दुसऱ्याचा खांदा असतो. छापलेल्या कादंबरीची गोष्ट याहून अगदीं वेगळी. ती एकानें लिहावयाची, एकानें वाचावयाची. रडूं आलें तरी तें इतरांच्या नजरेस पडूं नये म्हणून पान उलटावयाचें. म्हणून थाळीच्या कथेला जें काम कधीं करावें लागलें नाहीं, तें शहरांतल्या कादंबरीला करावें लागलें. गांवाची जागा भरून काढणारें एक माणूस तिला पुस्तकाच्या आंतच उभें करावें लागलें. सखी म्हणजे त्या एकाकी नायिकेचा गांव.

कादंबऱ्यांतून हें घडण्याच्या आधीं तें प्रत्यक्ष जीवनांत घडलें, हीही नोंद घेतली पाहिजे. आपट्यांची कादंबरी पुरी होऊन ग्रंथरूपानें आली त्याच १८९३ सालीं, ११ मार्च रोजीं, पुण्यास धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला. ही कथा बहुतेकांना समाजसुधारणेचें एक प्रकरण म्हणून ठाऊक असते. ती मैत्रीची आणि शोकाचीही कथा आहे, हें मागें पडतें. नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे मित्र; मुंबईंत दोघांचें बिऱ्हाड एकत्र होतें. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई शिकण्यासाठीं मुंबईस आली, ती याच बिऱ्हाडांत. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन उघडलें, तेव्हां तेथें दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच. १८९१ सालीं कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. एक मुलगा मागें राहिला. विधुर पुरुषानें वर्षाच्या आंत कुमारिकेशीं लग्न लावावें, हा त्या काळचा शिरस्ता. तो मोडून कर्व्यांनीं ठरविलें कीं, विवाह करावयाचा तर विधवेशींच. आणि तें त्यांनीं बोलून दाखविलें तेव्हां मित्राच्या वडिलांनीं आपल्याच मुलीचें नांव पुढें केलें. येथें प्रेम कोठें होतें, असा प्रश्न आजचा वाचक विचारील. त्या पिढीनें तो शब्द वापरला नाहीं, एवढेंच. ज्या घरांत राधाबाई वावरल्या, त्या घराची ओळख असलेली आणि त्या घरांतल्या माणसांचें दुःख पाहिलेली स्त्री त्या घरांत आली. मुरुडच्या लोकांनीं बहिष्कार घातला. तरीही तो संसार टिकला. गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, आठवणी १९४४ सालीं 'माझे पुराण' या नांवानें प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकाची भाषा घरगुती आहे, आव मुळींच नाहीं. आणि म्हणूनच अनेक कादंबऱ्यांपेक्षां तें अधिक वाचनीय आहे.

गांव विरुद्ध उभा राहिला, तेव्हां येथें मैत्रीनें गांवाचें काम केलें. परंतु मैत्रीचें हें काम नेहमीं इतकें सरळ नसतें. मित्र हा मृताचाही कोणी असूं शकतो. मग त्याची संमति मिळावी कशी? या गांठीवर सर्वांत खोल नजर रशियाच्या टॉलस्टॉयची गेली. 'युद्ध आणि शांति' ही कादंबरी बहुतेकांना नेपोलियनच्या स्वारीसाठीं आठवते. पण १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या त्या प्रचंड ग्रंथाच्या अखेरीस एक लहानसा दिवाणखाना आहे. नताशाचा प्रिन्स अँड्र्यूशीं ठरलेला विवाह तिच्याच चुकीनें मोडला होता. पुढें युद्धांत घायाळ झालेल्या त्याची तिनें शुश्रूषा केली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. त्याची बहीण मेरी आणि नताशा या दोघींचें पूर्वीं मुळींच पटत नसे. त्या मृत्यूनें त्यांना एकमेकींच्या इतकें जवळ आणलें कीं, एकीला दुसरीवांचून करमेना. अशा वेळीं अँड्र्यूचा मित्र पिएर मॉस्कोस मेरीच्या भेटीस येतो. मेरीजवळ काळ्या वस्त्रांतली एक कृश बाई बसलेली आहे. ही कोण, हें त्याला कळत नाहीं. तीच नताशा, हें तिच्या चेहऱ्यावर कष्टानें उमटणाऱ्या स्मितावरून त्याला उमगतें. आणि त्या क्षणीं आपण तिच्यावर प्रेम करतों, हेंही.

इतकें कोणताही चांगला लेखक लिहूं शकला असता. टॉलस्टॉय एक पाऊल पुढें टाकतो. नताशाच्या चर्येवर पुन्हां जीव आलेला पाहून मेरीला क्षणभर वाईट वाटतें: माझ्या भावाला ही इतक्या लवकर विसरली? हा विचार दुष्टपणाचा नाहीं, बहिणीचाच आहे. पण नताशाकडे पाहतां पाहतां तिच्या लक्षांत येतें कीं, उमलून येणारा हा जीव तिच्या स्वतःच्याही हातांत नाहीं, आणि यासाठीं तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, अगदीं मनांतल्या मनांतही नाहीं. त्यानंतर मेरी त्या प्रेमाला वाट करून देते. मृताच्या वतीनें बोलण्याचा हक्क ज्या एका माणसाला होता, त्यानें तो हक्क असा वापरला. आजच्या प्रेमकथांतील मैत्रिणी नायिकेला पहिल्या दिवसापासूनच 'आतां पुढें चल' असा उपदेश करूं लागतात. त्यांना वाईट वाटण्याचा तो एक क्षणही लेखक देत नाहीं, आणि म्हणूनच त्यांच्या परवानगीला किंमत राहत नाहीं.

मराठींत या गांठीला पुन्हां हात घातला तो वि. स. खांडेकरांनीं, 'अमृतवेल' या कादंबरींत. ती १९६७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां खांडेकरांचें वय एकूणसत्तर वर्षांचें होतें. 'हृदयाची हाक' या १९३० सालच्या पहिल्या कादंबरीपासून त्यांनीं मराठी घरांवर राज्य केलें होतें; शिरोड्याच्या शाळेंत मास्तरकी करतां करतां त्यांनीं लिहिलेलीं पुस्तकें लग्नांत अहेर म्हणून दिलीं जात. 'ययाति' १९५९ सालीं येऊन गेली होती, आणि पुढें १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्कारानें तिचा गौरव व्हावयाचा होता. या थोर कादंबरीच्या सावलींत 'अमृतवेल' थोडी झाकली गेली, पण वाचकांनीं तिला सोडलें नाहीं. तिच्या आवृत्त्या आजही निघतात.

कथेचा आरंभच शोकानें होतो. नंदा ही सुशिक्षित मुलगी. तिचा शेखरशीं विवाह ठरलेला, आणि तो विमानाच्या अपघातांत जातो. केशवपनाचा प्रश्न नाहीं, कोणी कोंडलें नाहीं, कोणी छळीत नाहीं. यमूच्या वांट्याला आलेली एकही यातना नंदेच्या वांट्याला नाहीं. आणि तरीही तिला जगावेंसें वाटत नाहीं. मधल्या सत्तरपंचाहत्तर वर्षांत मराठी घर किती बदललें आणि किती बदललें नाहीं, हें पाहावयाचें असेल त्यानें या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचाव्या. यमूचा शोक इतरांनीं तिच्यावर लादला होता. नंदेचा शोक तिनें स्वतःच धरून ठेविला आहे. हा शोक कायद्यानें सुटत नाहीं आणि रूढीनेंही सुटत नाहीं.

दुःखाला जागापालट म्हणून नंदा ज्या श्रीमंत घरांत सोबतीस जाऊन राहते, तें घर निघतें तिच्या कॉलेजांतल्या मैत्रिणीचें, वसुंधरेचें. वसुंधरा आणि तिचा पति देवदत्त यांचा संसार बाहेरून वैभवाचा, आंतून उसवलेला. देवदत्त हा बुद्धिमान, वाचनवेडा आणि बालपणापासूनच्या जखमांनीं कडू झालेला मनुष्य. नंदा तेथें जाते मैत्रिणीला आधार देण्यासाठीं, आणि हळूहळू तिच्या ध्यानांत येतें कीं, आपलें गोठलेलें मन पुन्हां हलूं लागलें आहे, पण हलत आहे तें भलत्याच दिशेला.

खांडेकरांनीं पेंच किती अवघड करून ठेविला, हें येथें नीट पाहिलें पाहिजे. मेरीला केवळ मेलेल्या भावाच्या स्मृतीची राखण करावयाची होती. वसुंधरेचा जिवंत नवरा पणाला लागला आहे. ज्या सखीनें नंदेच्या नव्या प्रेमाला आशीर्वाद द्यावयाचा, तिलाच तें प्रेम लुटणार. जुन्या काळीं अशा कथेला एक बरावाईट मार्ग होता. सुभद्रा येते आणि द्रौपदी चार दिवस रुसते. सवतीमत्सराचीं दोन प्रकरणें झालीं कीं गोष्ट पुढें चालूं. तो मार्ग मुंबई प्रांतांत १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्यानें व पुढें १९५५ च्या कायद्यानें बंद झाला. म्हणजे एका कायद्यानें विधवेला दार उघडलें आणि जवळजवळ शंभर वर्षांनंतर दुसऱ्यानें सवतीचें दार लावलें. या दोन दारांच्या मधल्या दालनांत नंदा उभी आहे. कादंबरीकाराला आतां सोय उरलेली नाहीं. त्याला माणसांच्या मनांतच उत्तर शोधावें लागतें.

तें उत्तर शोधतांना खांडेकर बोलतात फार, हें कबूल केलें पाहिजे. त्यांचीं पात्रें दुःखाच्या भरांतही सुभाषितें रचतात. नभोवाणीवर एकेक वेंचा वाचावयास घेतला तर श्रोत्यांना तें व्याख्यान वाटावें. जवळजवळ प्रत्येकाला उपमेवांचून बोलतां येत नाहीं. देवदत्ताचा कडवटपणाही पुष्कळदां वाचलेल्या पुस्तकांतून आलेला वाटतो. पण ज्या जागीं कादंबरी खरी उतरते, तेथें हे दोष विसरले जातात. ती जागा म्हणजे नंदेच्या वडिलांचें पत्र. दादा मुलीला लिहितात. ते तिला विसरावयास सांगत नाहींत. दुसरें लग्न कर, असेंही सांगत नाहींत. भंगलेल्या गोष्टीपाशीं माणसानें किती काळ बसून राहावें, प्रेम एका माणसापाशीं आटतें कीं तेथून पुढें वाढत जातें, याविषयीं एक म्हातारा मनुष्य स्वतःच्या अनुभवाची झोळी मुलीपुढें रिकामी करतो. ग्रंथाच्या नांवांतली वेल ती हीच. प्रियकरासाठीं रुजलेलें प्रेम मैत्रिणीपर्यंत, तिच्या संसारापर्यंत, अगदीं ज्यांच्याशीं रक्ताचें नातें नाहीं त्यांच्यापर्यंत पोंचूं शकतें काय, ही परीक्षा त्या वेलीची आहे. ती नंदा कशी देते, तें ज्यांनीं पुस्तक वाचलें नाहीं त्यांच्या देखत सांगणें योग्य नव्हे. मैत्रिणीच्या संसाराच्या दगडविटा काढून ती आपलें घर बांधीत नाहीं, एवढें सांगितल्यानें रसभंग होणार नाहीं.

कांहीं टीकाकारांना या शेवटांत खांडेकरांचा भाबडा ध्येयवाद दिसतो. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. देवदत्तासारख्या माणसाचें मन इतक्या लवकर ठिकाणावर येईल काय, अशी शंका राहतेच. परंतु नंदेच्या बाजूनें पाहिलें तर त्या शेवटाला भाबडा म्हणतां येत नाहीं. देवदत्तावरचें तिचें प्रेम खोटें होतें, असें लेखक म्हणत नाहीं. तें पाप होतें, असेंही म्हणत नाहीं. शेखरच्या मृत्यूनंतर तिला पुन्हां जिवंत करण्याचें काम त्या प्रेमानेंच केलें, हें तो मान्य करतो. आणि तरीही तें प्रेम तिला मिळत नाहीं. प्रेम माणसाला वाचवूं शकतें आणि वाचवून निघूनही जातें, हें लिहावयास धैर्य लागतें; कारण या सांच्यांतल्या पुस्तकांचा वाचक शेवटच्या पानावर हार आणि अक्षता पाहण्यासाठीं पैसे मोजीत असतो.

दादांच्या पत्राविषयीं एक गोष्ट राहिली. प्रश्न मुलीच्या जगण्यामरण्याचा, बापलेकींची माया उघड, आणि तरीही बापाला तें तोंडानें सांगवलें नाहीं. त्यानें कागद घेतला, लेखणी घेतली, आणि एकट्यानें बसून लिहिलें. मुलीनें तें एकटीनें वाचलें. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर हेंच बोलणें अंगणांत, थाळीच्या नादांत, इतरांच्या देखत झालें असतें, आणि नंदेच्या वयाच्या मुलीला तें पुन्हां पुन्हां उघडून पाहावयास कागदाचा कपटाही लागला नसता. पुण्यामुंबईच्या घरांत तो कागद लागतो. 'अमृतवेल' वाचलेल्या अनेकांना तिच्यांतील प्रसंग आज नीट सांगतां येत नाहींत. पत्र मात्र आठवतें.